पक्कं ना, काका?

गांधीबागेतलं कापडाचं दुकान मी उभं केलं. कामठीहून डोक्यावर गठ्ठे आणले, तेव्हा इंग्रजी येतं का असं कुणी विचारलं नाही. आता पोरगा गादीवर बसायला लागला, तर मलाच सांगतो, "बाबा, बाहेरच्या पार्टीसमोर तुम्ही नका बोलू. ॲक्सेप्ट न् एक्सेप्ट एकच करून राहिले. लोकं हसतात."

माझ्याच दुकानात मी मुका! "शिकून येतो," मी भडकलो. "मग बोलू देशील ना?"

"परीक्षा पास व्हा, मग भाव तुम्हीच करा."

सदर भागातल्या इंग्रजीच्या क्लासात पांढऱ्या केसांचा मी एकटा. मॅडम फळ्यावर जोड्या लिहायच्या. ॲक्सेप्ट म्हणजे स्वीकारणं, एक्सेप्ट म्हणजे वगळून. एकसारखे दिसणारे दोन ठाण शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला चकवणारे दुकानदार मी पाहिलेत. अख्खी भाषाच हा धंदा करते हे माहीत नव्हतं. तरी घोकलं.

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "आमंत्रण स्वीकारायचं, तर कोणता शब्द?"

"ॲक्सेप्ट," मी ठणकावलं.

"पक्कं ना, काका?"

इथेच घात झाला. आमच्या बाजारात 'पक्कं ना?' म्हणजे 'जरा उतरा'. म्हणून तर पहिला भाव चढा सांगायचा. तो सोडण्यासाठीच असतो.

"बरं, एक्सेप्ट," मी उतरलो.

प्रत्येक शब्दाला तिचं तेच, माझंही तेच. नापास.

"मॅडम, बरोबर उत्तरावर घासाघीस काहून करता?"

"काका, मी फक्त विचारलं."

फक्त! त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

पार्टी आली, तेव्हा मी कोपऱ्यात चहा पीत बसलो. ज्याच्याखाली उतरायचं नाही असं घरी ठरवलं होतं, नेमका तोच भाव पोरानं पहिल्या तोंडी सांगितला. आता म्हणे फिक्स रेटचा जमाना. इंग्रजी मात्र गुळगुळीत. पार्टीनं चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "शुअर?"

पोरगा खाकरला. आणि उतरला.

पार्टी खुशीत गेली. मी विचारलं, "काहून गा, तुझी परीक्षा कोणी घेतली होती?"

तो ठाण गुंडाळत राहिला. पुढच्या पार्टीशी कोणी बोलायचं, यावर घरात अजून भांडण चालू आहे. पण गादीच्या मधोमध आता मी बसतो. त्याला सरकायला सांगितलं, तेव्हा तो सरकला. 'पक्कं ना?' असं विचारायची त्याची हिंमत झाली नाही.