जेवत्याला उठवू नये

"आधी खा. मंग बोल."

वडशाच्या स्टेशनावर एखादी बाई गाठोडं उराशी धरून, कोणत्या गाडीत बसायचं तेच ठाऊक नसल्यासारखी बसलेली दिसली, की टोपली घेऊन येणारी ती एवढंच म्हणायची आणि त्या बाईपुढे पळसाची पत्रावळ मांडायची. भात, लाखोळीची डाळ, असली तर मिरची. नावगाव मागाहून. तुम्हीआम्ही आधी जात विचारतो आणि मग पाणी देतो. तिचं सगळंच उलटं.

मी तेव्हा तिकीट खिडकीवर होतो. ती विधवा, एका लेकीला घेऊन दिराच्या घरी राहणारी. घरचा स्वयंपाक उरकला की टोपली घेऊन स्टेशनावरच्या कडुनिंबाखाली येऊन बसायची. "हे काम तुम्हांला दिलं कुणी?" असं मी एकदा विचारलं.

"काम कायचं, बाबू? भुकेल्याले वाढाले का हुकूम लागते?"

स्वतः मात्र उभ्यानेच दोन घास गिळायची. बसून जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात आमच्याकडे नाटकांचा हंगाम. "नाटकात काम देतो" म्हणून दलाल खेड्यापाड्यांतून बायका आणत. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी सासरहून पळालेली. त्यांतल्या बऱ्याच जणी रंगमंच न बघताच एका धान गिरणीमागच्या खोल्यांत जाऊन पडत. तिथे काय चालतं ते साऱ्या गावाला माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. एखादी निसटून स्टेशनावर आली की पाठोपाठ गिरणीचा मुकादम यायचाच. नागपूरला अशा बायकांना ठेवून घेणारा एक आश्रम होता. प्रश्न फक्त गाडी येईपर्यंतचा असायचा.

तेवढ्यासाठी तिच्याजवळ एकच हत्यार होतं. जेवत्या माणसाला उठवू नये, हे आमच्याकडे चोरसुद्धा पाळतो.

एका सकाळी अशीच एक पोर आली. ओठ फुटलेला. तिने पहिला घास घेतला आणि मुकादम हजर.

"चाल. ऊठ."

"जेवून राह्यली ना ते," ही शांतपणे म्हणाली. "जेवत्याले उठवाचं पाप घेता का, भाऊ?"

मुकादम घुटमळला. उकिडवा बसून वाट पाहू लागला. ही त्या पोरीला वाढत राहिली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं तोंड काऊन सुकलं, भाऊ? सकाळपासून काई खाल्लं नाई वाटते." आणि त्याच्याही पुढे पत्रावळ! गरम डाळीचा वास आला नि गडी विरघळला. त्याने भात कालवला तोच गाडी आली. पोर हात धुऊन चढली. मुकादम डाळीत बुडालेला हात घेऊन बघत राहिला. अन्न टाकून उठावं कसं? "बाई, हे बरं नाई केलं," असं तो भरल्या तोंडाने म्हणाला, तेव्हा मला खिडकीच्या आत हसू आवरेना.

पण मुकादमाने जेवण संपवल्यावर गावभर तोंड उघडलं. लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. "जिची माय तसल्या बायांसंगं बसते" एवढंच कारण. पुढे चामोर्शीकडचं एक स्थळ आलं, ते अट घालूनच. आईने वडसा सोडायचा, लग्नालाही यायचं नाही. सिरोंच्याकडे एका आडगावी तिचा भाऊ होता. तिथेच आता राहायचं. दीर मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं. तो नुसता मान खाली घालून म्हणायचा, "वयनी, पोरीचं पाहा लागते."

ती जायची त्या सकाळी मी घरून भात-डाळ आणली. कडुनिंबाखाली पत्रावळ मांडली आणि म्हणालो, "आधी खा. मग बोला."

ती हसली. आणि चक्क बसली.

गाडी आली. पोचवायला आलेला दीर गाडीकडे बघे, पत्रावळीकडे बघे. मी वाढत होतो. पुन्हा भात, पुन्हा डाळ. गार्डाने झेंडी काढली. माझ्या मनात एकच, ही गाडी जाऊ दे. निदान आजचा दिवस तरी ही इथे राहू दे.

"बाबू, आता नका वाढू."

"जेवत्याला उठवू नये," मी म्हणालो.

"आज चुकली तरी गाडी उद्याही येते ना, बाबू. अन् पोरगी माझीच आहे."

पत्रावळीवर भात तसाच होता. तो टाकून ती उठली. दिराच्या हातून गाठोडं घेतलं, डब्याच्या दारात चढली आणि तिथून म्हणाली, "मले कोणी उठवलं नाई. पोरीले सांगजा, माय आपल्या मनानं उठली."

गाडी गेली. दीर रुळांकडे बघत उभा राहिला. तिकीट खिडकीवर लोक मला हाका मारत होते. कडुनिंबाखाली एक बकरी पत्रावळीशी आली, मी तिला हाकललं. ती पुन्हा आली. मी पुन्हा हाकललं.