टेलरची एक इंच माया

टेलरला लाकडाच्या कामात घेतलं ही माझी चूक, आणि तीही मी पोस्टमनच्या भिडेपोटी केली. पोस्टमन आमचा तिसरा मित्र. पत्रं वाटायची नोकरी संपल्यापासून त्याचं गॅरेज रिकामं आणि तोंड कायम चालू. त्याच गॅरेजमध्ये आम्ही तिघं रोज सकाळी जमतो आणि गरजूंना फुकट द्यायला लाकडाच्या वस्तू करतो. खेळणी, स्टुलं, लहान खुर्च्या. तिघांत लाकडातलं कळणारा मी एकटा. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून काम केलंय, त्यामुळे चिडायचा हक्कही माझ्याकडेच आहे.

टेलरने पंचेचाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की उसवायचं आणि कपडा मोठा करायचा. बाकीचे टेलर दोन बोटं माया ठेवायचे, हा चार ठेवायचा. वर्षाच्या सुरुवातीला आया दुकानासमोर रांग लावायच्या आणि हा उभ्या उभ्या पँटी उसवून द्यायचा, तेही फुकट. मग तयार गणवेश आले. त्यांत माया शोधून दाखवा. दुकान बंद झालं.

तेव्हा वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, हे दिवसभर खिडकीत बसून असतात. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. तुमच्यात घ्या ना." पोस्टमन मागे लागलाच होता. मी हो म्हटलं आणि स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला.

काय सांगू? पेन्सिल दिली तर हा खिशातून शिंप्याचा खडू काढणार. त्या खडूची रेघच एवढी जाड, की करवत रेघेच्या अलीकडून चालवायची की पलीकडून, हेच कळू नये. बाहुलीच्या घराला दार करायला सांगितलं, तर ते चौकटीपेक्षा मोठं. गाडीचा दांडा एवढा लांब, की चाकं दोन्हीकडे लटपटायला लागली. विचारलं की एकच उत्तर, "असू दे रे, थोडी माया ठेवलीय." मी हात टेकले होते.

अशात खुर्च्यांचं काम आलं. आमच्या भागात एक केंद्र आहे. ज्या मुलांच्या पायांत, पाठीत बळ नाही, त्यांना तिथे बसायला, चालायला शिकवतात. त्यांना बारा लहान खुर्च्या हव्या होत्या. तिथल्या बाईंनी मला फोनवर नीट समजावलं होतं. पावलं जमिनीला पूर्ण टेकली की मूल सरळ बसतं, आणि सरळ बसलं की आपल्या हाताने जेवतं. म्हणजे सगळा खेळ उंचीचा. ऑफिसमधून कागद आला, त्यावर लिहिलं होतं: पाय दहा इंच. बारा खुर्च्यांचे अठ्ठेचाळीस पाय. सगळ्यात सोपं काम म्हणून ते मी टेलरला दिलं.

तीन दिवसांनी मी पायांना टेप लावला आणि कपाळाला हात लावला.

"हे किती आहेत?"

"अकरा."

"मी किती सांगितले होते?"

"दहा. वर एक इंच माया."

"अरे, लाकूड आहे ते! लाकूड काय उसवणार आहेस तू?"

तो पायांवरचा भुसा फुंकत म्हणाला, "ती मुलं पाहिलीस का तू?"

"कागद पाहिलाय."

"खुर्चीवर कागद बसणार आहे का?"

पोस्टमन खो खो हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "शनिवारी खुर्च्या पोचवायला ये हवं तर. त्यानंतर मात्र इथे पाऊल टाकायचं नाही. बस घरी." टेलर नुसता टेप बोटांना गुंडाळत राहिला. वहिनींचं बोलणं आठवलं मला, नाही असं नाही. पण रागाच्या भरात मी ते बाजूला सारलं. दोन दिवस बसून अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पायांचा एकेक इंच मी स्वतः उडवला. गुण्या लावून, काटकोनात, केसाचाही फरक नाही.

शनिवारी आम्ही तिघं खुर्च्या घेऊन केंद्रात गेलो. बाई एकेका मुलाला खुर्चीत बसवून बघू लागल्या. पहिली चार मुलं छान बसली. मी पोस्टमनकडे जरा ताठ मानेने पाहिलं. मग त्यांनी एका उंच मुलीला बसवलं. तिचे गुडघे वर आले, पाठ मागे कलंडली आणि हातातला चमचा खाली पडला. पुढच्या सात मुलांमध्ये आणखी चार तशीच निघाली.

बाईंनी कागद पाहिला. "ऑफिसने सरासरी काढून एकच आकडा लिहिला वाटतं. मुलं काय एका मापाची असतात?" मग खुर्ची उलटी करून म्हणाल्या, "या जरा उंच असत्या ना, तर ज्याच्या त्याच्या पायाएवढ्या कापता आल्या असत्या. आता काय करणार?"

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेलर आता सगळ्यांसमोर माझी लाज काढणार, म्हणून मी मान खाली घालून वाट पाहत होतो. काढली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. पण हा शहाणा खाली वाकला, कण्हत गुडघ्यांवर बसला आणि गळ्यातला टेप काढून त्या मुलीला म्हणाला, "बाळा, पाय सैल सोड बघू." गुडघ्यामागून टाचेपर्यंत टेप धरला, तशी तिला गुदगुल्या झाल्या. ती हसली, तोही हसला.

"उद्या सकाळी सातला गॅरेजवर ये," मी म्हणालो. आवाज जरा चढाच निघाला. "पाच खुर्च्यांचे पाय नव्याने करायचेत."

"मी?" टेलरने वळून विचारलं. "मला घरी बसायला सांगितलं होतंस ना?"

"तोंड बंद ठेव आणि माप सांग."

"आता तोंड बंद ठेवून माप कसं सांगू?"

असा माणूस आहे हा. मी कानावरची पेन्सिल काढली आणि ऑफिसचा तो कागद पालथा केला. तो एकेका मुलापुढे सरकत आकडे सांगत गेला. साडेअकरा, बारा, पावणेबारा. मी खाली मान घालून लिहून घेत गेलो. त्यातला मुलांचा पाय किती आणि याची माया किती, हे मी विचारलं नाही.