मागच्या ओळीतला होकार

सरकारी शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाईंचा पगार त्यांच्या लिफ्ट-मेकॅनिक नवऱ्याच्या पगारापेक्षा कमी होता, आणि ही गोष्ट त्याने संसारात वर्षानुवर्षे पुरवून पुरवून वापरली होती. "तुझ्या पदव्यांपेक्षा माझ्या पान्याला भाव जास्त," तो म्हणे.

बाई वह्यांतून मान वर न काढता म्हणत, "मग पान्यालाच सांगा चहा टाकायला."

थट्टेच्या तळाशी मात्र त्याची खरी निकड होती. गुडघे कुरकुरू लागले होते. रात्रपाळी सोडायची, तर बाईंची मिळकत वाढायला हवी होती. म्हणूनच आपल्या कंपनीला प्रशिक्षक हवा असल्याचे कळताच त्याने साहेबांकडे बायकोसाठी शब्द टाकला. पगार शाळेच्या दीडपट होता.

चाचणीच्या दिवशी बाईंनी मेकॅनिकांना लिफ्टच्या नव्या कंट्रोल पॅनेलची पुस्तिका समजावून दिली. आठवडाभर त्यांनी ती पाठ्यपुस्तकासारखी वाचून काढली होती. तो मागच्या ओळीत सहकाऱ्यांमध्ये बसला होता. साहेब दारापाशी उभे होते.

"वहिनी, गृहपाठ नका देऊ हं!" कुणीतरी म्हणाले.

"कळलं का सगळ्यांना?" शेवटी बाईंनी विचारले.

"हो!" एका सुरात उत्तर आले. त्यात त्याचाही आवाज होता, जरा मोठाच. वास्तविक त्याला ओ की ठो कळले नव्हते. जुन्या तारांवर हात बसलेल्या त्या माणसाला पॅनेलवरचे लुकलुकणारे आकडे परके वाटत, आणि हे त्याने घरीही कधी कबूल केले नव्हते.

बाईंची नजर ओळींवरून फिरत त्याच्यापाशी आली, क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. "नाही," खडू उचलत त्या म्हणाल्या, "मीच घाई केली. पुन्हा पहिल्यापासून बघू."

या वेळी त्यांनी आकडे बाजूला ठेवले आणि जुन्या तारांपासून सुरुवात केली. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. साहेब मात्र घड्याळ पाहत होते.

"बाई, एवढा वेळ आम्हाला परवडत नाही. एकदाच सांगायचं, ज्याला जमेल तो टिकेल. मान्य असेल तर सोमवारी या."

बाईंनी फळा पुसला.

परतताना बाईंनीच विषय काढला.

"अहो, जाऊ का सोमवारी? तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघतो. तू आपली शाळेत जा. तिथंही मागं बसलेलं असेल कुणीतरी." मग अडखळत त्याने विचारले, "तुला कळलं कसं गं?"

"सगळ्यांत मोठ्यानं 'हो' म्हणालात."