भारी इंजेक्शन

आम्ही दोघं एकाच वर्गात शिकलो आणि धाराशिवला समोरासमोर आयसीयू थाटून बसलो. त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसे, माझ्याकडे खाटा रिकाम्या. कारण एकच. पेशंट आला की तो पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी अँटिबायोटिक लिही. मी जमेल तिथं साध्यावर सुरुवात करून कल्चरच्या रिपोर्टची वाट बघे. कोणता जंतू कोणत्या औषधानं मरेल, ते त्यात दोन-तीन दिवसांनी कळतं. भारी औषध उठसूट वापरलं की जंतू त्यालाही सरावतात, शिवाय एका दिवसाच्या डोसात सोयाबीनच्या पोत्याचे पैसे जातात. हे सांगून सांगून माझा घसा बसला. नातेवाईक मान डोलवत आणि रस्ता ओलांडून त्याच्याकडे जात. माझा नुसता जळफळाट होई. त्याची नवी पाटी लागली तेव्हा आठवडाभर मी खिडकीचा पडदा उघडला नाही.

मग सास्तूरहून माझ्या वडलांना, दादांना आणलं. लघवीतला जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप. बीपी मात्र टिकून होतं. दादा म्हणाले, "मला समोर ने गं. त्येच्या हाताला गुण हाय. तुझं औषध लई हलकं असतंय म्हनत्यात."

बाप माझा, खाट माझी आणि गुण त्याच्या हाताला! माझं डोकं फिरलं. साध्यानं भागेल हे मला दिसत होतं, तरी मी भारी लिहिलं. दादा बरे व्हावेत असं वाटत होतंच. पण त्यांनी त्याचं नाव विसरावं, असं त्याहून जास्त वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साधं औषध पुरेसं होतं. मी गुपचूप तेच सुरू केलं. दादा हिंडूफिरू लागले आणि भेटायला येईल त्याला सांगू लागले, "पयल्याच दिशी भारी लावलं, म्हनून वाचलो. शिकली शेवटी त्येच्याकडून."

साध्यानंच भागलं असतं हे सांगायचं, तर आधी भारी का लिहिलं, हेही सांगावं लागलं असतं.

शेजारच्या खाटेवर जळकोटची एक म्हातारी होती. साध्या औषधानं तिचा ताप उतरत चालला होता. दादांचं बोलणं ऐकून तिचा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमच्या वडलांला भारी अन् माझ्या आईला हलकं," तो म्हणाला. "ती तुमची कोन न्हाय म्हनून व्हय?"