मंगळवेढ्याचा पंप

गोठ्यात सात गायी होत्या आणि हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मनगटांत जोर उरला नव्हता. धार काढताना बोटांना मुंग्या यायच्या, सड हातातून निसटायचा. डॉक्टरांनी हाताने धार काढायला साफ मनाई केली. मला एकट्याला सात गायी आवरत नव्हत्या, म्हणून दूध काढायची मशीन घ्यायचे ठरले.

मोडनिंबच्या दुकानदाराने सगळे नीट समजावले. कप, नळ्या, बादली सगळीकडे सारखेच, खरा जीव हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपात. ओढ कमी पडली तर कप सडावरून गळून पडतात, जास्त झाली तर सड सुजतात. "मोटार किती घोड्याची ते बघू नका," तो म्हणाला, "मिनटाला हवा किती ओढती ते बघा. तुमाला एका टायमाला दोनच गायी काढायच्या हायेत. ल्हान पंप लई झाला."

मला ते पटले नाही. उद्या गायी वाढल्या तर? त्यातच मंगळवेढ्याकडचा एक गोठा बंद झाल्याचे आणि तिथला मोठा पंप विकायचा असल्याचे कानावर आले. एका दुपारी आम्ही दोघे मोटारसायकलवर निघालो.

काढलेल्या ज्वारीच्या रानात ते एकटेच घर होते. गोठा झाडून लख्ख केलेला, पण दावी खुंट्यांना तशीच बांधलेली. गाय एकही नव्हती. मालक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची बायको पाणी घेऊन आली. ऊन तापलेले असताना तिने डोक्याला आणि गळ्याला रुमाल घट्ट गुंडाळला होता, आणि आमच्याकडे पाहायला ती मान न वळवता अख्खी वळली. तांब्या ठेवून ती हिला घेऊन चुलीकडे गेली.

मालकाने बटण दाबले आणि स्वतः दारापर्यंत मागे सरला. पंप जोरात होता. हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओढ दाखवणाऱ्या घड्याळातला काटा झरझर चढून ठरल्या जागी उभा राहिला. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर तळवा ठेवला तर तो चिकटून बसला. मोटार आणि पंपाच्या मधला पट्टा उघडाच फिरत होता.

"ह्येची जाळी कुटं हाय?" मी विचारले.

"तेल घालाया आडवी यायची. काढून टाकली."

"बंद करा! पयलं बंद करा त्ये!" आतून मालकाच्या बायकोचा आवाज आला. मालकाने घाईने बटण बंद केले. पट्टा थांबेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

मंगळवारी टेम्पो घेऊन येतो, असे सांगून मी निघालो. मी खुशीत होतो. ही मागे बसली होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "गाडी थांबवा."

मी बाभळीखाली थांबलो.

"त्या बाईनं रुमाल सोडून मला गळा दावला. दुधाची बादली उचलाया वाकली आन् पदर पट्ट्यात गेला. मालक बटणापाशी हुता म्हणून जित्ती ऱ्हायली. आता मान वळत न्हाय. गोठ्यात पाय टाकवत न्हाय म्हणून गायी इकल्या." मग ती म्हणाली, "वाकाया मीच जाणार हाय की तितं."

मी जाळी बसवून घेऊ म्हणालो. ती पदर खोचून गाडीवर बसली. घर येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तो दारात सरकलेला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला फोन केला. "आमाला जमत न्हाय," एवढेच बोललो. कारण त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. मोडनिंबहून मोटारीला थेट जोडलेला, पट्टा नसलेला लहान पंप आणला. दोन गायी लावल्या की तो पुरेपूर वापरला जातो, तिसरी लावायची सोय नाही. पण गायी रुळल्या, हिच्या बोटांना आराम पडला.

महिनाभराने संध्याकाळी वैरण टाकत होतो. उसापलीकडून शिट्टीसारखा आवाज आला. हीसुद्धा कडबा हातात धरून थांबली.

"त्योच हाय," ती म्हणाली.

शेजारच्या रानातल्या पोराने तो पंप आणला होता. पोरगा म्हणजे तीस-बत्तीसचा, पुण्याची नोकरी सोडून आलेला, बारा गायींचा मालक. मी लगेच गेलो. पट्टा उघडाच होता. मंगळवेढ्यात काय झाले ते सगळे त्याला सांगितले. त्याने पंप घेण्याआधी सांगता आले असते तर, ही बोच होतीच.

तो हसला. "काका, आमची साडी न्हाय नेसत. ड्रेस आसतो की तिचा."

त्याची बायको पलीकडे गायीची कास धूत होती. ओढणी खांद्यावरून पुढे लोंबत होती. मी तिकडे बोट दाखवले.

"व्हय व्हय, जाळी करून घेतो ह्या आठवड्यात."

आठवडा गेला, मग आणखी दोन. पाच वाजले की ती शिट्टी उसावरून यायची. आमचा पंप सुरू असतानाही माझा एक कान तिकडे असायचा. आवाज संपला की जीव भांड्यात पडायचा. हीसुद्धा ऐकत असावी, कारण तोवर तीही बोलत नसे.

आणि एक दिवस तो आवाज मधेच थांबला. धारा सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटे झाली असतील. वीज गेली म्हणावे तर आमची मोटार चालू होती. मी हातातला कप टाकून पळालो. उसाच्या पानांनी हात चिरले, तेही कळले नाही.

गोठ्यात कोणी ओरडत नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पोराची बायको भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात छातीशी. ओढणी पुलीभोवती पिळवटून बसली होती, तेलाने काळी झालेली. पोरगा गुडघ्यावर बसून स्क्रूड्रायव्हरने ती ओढत होता. एका खांद्यावर मोकळी टाकलेली होती म्हणून ओढणी अंगावरून सरकन निघून गेली होती. त्या दिवशी गळ्याशी गाठ मारली असती तर ओढणीबरोबर तीही ओढली गेली असती.

"काय न्हाय झालं, काका," तो म्हणाला. आणि पुन्हा ओढणी ओढू लागला.

"काय न्हाय झालं?" ती म्हणाली. आवाज बारीक होता. "तुमी हितं नव्हता. बटण मीच बंद केलं." मग ती घरात निघून गेली. उरलेल्या गायी आम्ही दोघांनी हाताने काढल्या.

दुसऱ्या सकाळी मीच त्याला वेल्डिंगवाल्याकडे नेले. जाळी झाली, पट्ट्यावर पक्की बसली. चार-पाच दिवस त्याची बायको गोठ्यात आली नाही. मग यायला लागली, ओढणी घरी ठेवून.

परवा मुरघासाच्या चाऱ्याची पोती मागायला गेलो होतो. पंप सुरू होता. पोराची बायको गायींमध्ये वाकलेली, आणि जाळी बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली. पट्टा घट्ट करायला जाळी काढली, आता तिचा नट सापडेना, असे पोरगा म्हणाला. मी आत जाऊन बटण बंद केले आणि नट सापडेपर्यंत तिथेच बसून राहिलो.