गार भातावरची फुंकर

माझी तीन वर्षांची लेक आज दहीभातावर फुंकर मारत होती. भात फ्रिजमधून काढलेला, गारढोण. तरी प्रत्येक घासाला तिचे गाल फुगत होते.

शेजारच्या काकू हसल्या. "दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात गं," म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या घाईत मी तिचा वरणभात मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. वाटी कोमट लागली, वरचा भातही कोमट. माझी आई मला बोटांनी कालवून भरवायची. चटका आधी तिलाच बसायचा. मी चमच्यानं भरवते, म्हणजे हात स्वच्छ राहतात. आतला भात मात्र कढत होता आणि तो चमचाभर मीच तिच्या तोंडात घातला. ढवळून, जरा थांबून मग द्या, असं यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. वॉरंटीसाठी मी ती जपून ठेवली होती. वाचली त्या संध्याकाळी.

लेकीनं पुढच्या घासावर फुंकर मारली आणि माझ्याकडे बघत तोंड उघडलं. म्हणीतलं ते दूध कुणी पाजलं होतं, हे म्हणीत कुठंच येत नाही.