सरांच्या प्रमेयातली राहिलेली अट

मुंबईची नोकरी संपवून सर मुरुडला आपल्या नारळ-सुपारीच्या वाडीत राहायला आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे झाडांना पाणी घालतील आणि दुपारी आडवे होतील. तसं काही झालं नाही. मी त्यांच्याकडे पीएचडी केलेली आणि तोवर तळा गावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागलेली. अधूनमधून एखाद्या रविवारी रोह्याला गाडी बदलून मी त्यांच्याकडे जायची. काकू माझ्यासाठी वालाचं बिरडं करून ठेवायच्या. जेवण होईपर्यंत सर कसाबसा दम धरायचे आणि हात धुतले रे धुतले की विचारायचे, "हं, काय नवीन?"

नवीन काही नसलं की मला वर्गात गृहपाठ न केल्यासारखं व्हायचं. खरं तर कॉलेजात नवीन काही करायला सवडच नसते. परीक्षा, हजेरी, अहवाल, पुन्हा परीक्षा. पण हे सरांना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या मते वेळ नाही असं म्हणणारा माणूस आळशी तरी असतो नाहीतर मुख्याध्यापक तरी.

सरांनी तरुणपणी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. त्यांच्या नावावर पेपर बरेच आहेत, पण त्यांचा जीव त्या एका प्रमेयात. मूळ गणित अवघड आहे, गाभा मात्र कुणालाही सांगता येईल. वस्तू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडल्या की बरोबर मधोमध जी येते तिला आम्ही मध्यक म्हणतो. सगळ्या वस्तू मोजणं शक्य नसतं, म्हणून त्यातल्या थोड्या उचलून त्यांचा मध्यक काढायचा. जितक्या जास्त उचलाल तितका तो एका जागी स्थिर होत जातो. या स्थिर होण्यावर सरांनी एक मोठी रीत उभी केली होती, आणि ती कुठल्याही प्रकारच्या वस्तूंना चालते असा त्यांचा दावा होता. 'कुठल्याही' या शब्दाचा त्यांना फार अभिमान होता. माझा प्रबंध त्या प्रमेयावरच बेतलेला. पुढे वर्गात शिकवतानाही मी "हे आमच्या सरांचं" असं म्हणून थोडा भाव खायची.

ते प्रमेय पुढे नेणारा एक पेपर दोघांनी मिळून लिहायचा असं आमचं ठरलं. सरांची तब्येत आताशा कुरकुरत होती. हा आपला शेवटचा पेपर, असं ते उघड म्हणायचे आणि काकू लगेच विषय बदलायच्या. पेपर एका चांगल्या संख्याशास्त्राच्या जर्नलला पाठवायचा होता. ज्यांनी कधी हे केलं नाही त्यांना वाटतं, गणित सुटलं की संपलं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रस्तावना सतरांदा फिरवायची. संदर्भसूचीत कुठे स्वल्पविराम आणि कुठे पूर्णविराम, यावरून डोकं उठतं. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून फाइलमधून आपली नावं काढून टाकायची. यावर सर हसले. पानापानावर माझ्याच जुन्या पेपरचा दाखला आहे, मग हे कोणी लिहिलंय ते न कळायला परीक्षक काय दूधखुळा आहे, असं त्यांचं म्हणणं.

पेपर पाठवण्यापूर्वी सरांची एक रीत असे. ती मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. सिद्धता उलटी वाचायची, आणि तीही मोठ्याने. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करायची, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळीला "कशामुळे?" म्हणून विचारायचं. सरळ वाचताना माणूस सिद्धतेबरोबर वाहत जातो, पुढे काय यायचंय ते माहीत असतं आणि म्हणून ते खरं वाटतं, असं सर सांगायचे. उलटं वाचताना प्रत्येक ओळीला आपल्या पायावर उभं राहावं लागतं. माझ्या प्रबंधाच्या वेळी या प्रकाराने मी रडकुंडीला आले होते. नंतर मात्र सवय अशी लागली की मी बँकेची पत्रंसुद्धा खालून वर वाचते.

त्या दिवशी ओसरीवर बसून आम्ही असंच उलटं वाचत होतो. अंगणात सुपारी वाळत पडली होती. वाचणारे सर, विचारणारी मी. नव्या भागातल्या सगळ्या ओळी टिकल्या. मग त्यांच्या जुन्या प्रमेयाचा दाखला आला. ते प्रमेय छापून आलेलं, तेव्हा तिथे थांबायचं कारण नव्हतं. पण मी नादात होते, तोंडातून "कशामुळे?" निघून गेलं. सर कौतुकाने हसले आणि ती जुनी सिद्धताही उलटी म्हणू लागले. त्यांना ती पाठ होती. एका ओळीवर त्यांनी मध्यक स्थिर होतो असं म्हटलं, आणि मी पुन्हा विचारलं.

सर म्हणाले, "कारण मध्यक एकच असतो."

मी म्हटलं, "आणि नसला तर?"

प्रश्न विचारला आणि उत्तर मलाच दिसलं. मध्यक एकच असतो असं नाही. वस्तू दोन गटांच्या असतील, अर्ध्या लहान, अर्ध्या मोठ्या आणि मधल्या मापाचं काहीच नाही, तर बरोबर मधोमध एक मोकळी जागा राहते आणि तिच्यातला कुठलाही आकडा मध्यक म्हणून चालतो. मध्यक एकच हवा, ही अट घालावी लागते. हे आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो, आणि एखाद्या मुलाने अट लिहिली नाही तर अर्धा गुण कापतो. सरांनी ती लिहिली नव्हती. ती त्यांना इतकी उघड वाटली असावी की ती लिहायची असते हेच त्यांच्या मनात आलं नाही. परीक्षकांनी ते पाहिलं नाही, आणि इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली घासूनही मी पाहिलं नाही.

मी काहीतरी बोलले, एवढी अट घातली की झालं, बाकी सगळं शाबूत आहे, वगैरे. सरांनी चष्मा काढला आणि तुझी गाडी चुकेल असं म्हणाले. गाडीला भरपूर वेळ होता. काकूंनी चहा ठेवला होता, तो न घेताच मी निघाले. रोह्यापर्यंत मला सरांचाच राग येत होता. निदान चिडायचं तरी, एक शब्द बोलायचा. रोह्याला उतरले तेव्हा राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. म्हाताऱ्या माणसाकडे जपून ठेवण्यासारखं एकच काही होतं, ते मी हातात घेऊन फोडलं होतं.

पुढे काही आठवडे सरांचा फोन नाही. मी केला तर काकू उचलायच्या. ते जेवतात-खातात, वाडीत फिरतात, पण बोलत नाहीत, रात्री उठून बसतात, असं सांगायच्या. काय झालंय असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, त्यामुळे मला आणखीच अपराधी वाटायचं. तिकडे आमचा पेपर माझ्या कॉम्प्युटरवर तसाच पडून होता. कॉलेजात प्राचार्यांनी विचारलं की "फायनल चाललंय" असं ठोकून द्यायची.

मग एक दिवस सरांचाच फोन आला. ये, म्हणाले.

मी गेले तर ओसरीवर सुपारीचे दोन ढीग. वाडीतल्या एका जातीच्या बारक्या सुपाऱ्या एकीकडे, दुसरीच्या टपोऱ्या दुसरीकडे. दोन्हीकडे सुपाऱ्या मोजून सारख्या. सरांनी ते एका टोपलीत मिसळले आणि मला म्हणाले, डोळे मिटून मूठ-मूठ काढ. मी काढायची, ते ओळीने मांडायचे आणि मधली सुपारी उचलून दाखवायचे. कधी बारकी यायची, कधी टपोरी. आणखी काढल्या, ओळ ओसरीच्या टोकापर्यंत गेली, तरी तेच. या टोकाला नाहीतर त्या टोकाला. स्थिर व्हायचं नाव नाही. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. यांनी वाळवलेली सुपारी सगळी खराब केली, एवढंच म्हणाल्या.

"बघितलंस?" सर म्हणाले. "दारात पडलेली होती."

आमचा नवा पेपर बाजूला ठेवायचा, आणि आधी त्याच जर्नलला एक छोटी टीप पाठवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जुन्या प्रमेयात काय चुकलं, उदाहरण काय, आणि अट घातल्यावर ते कसं खरं होतं. मसुदा मी केला. मी लिहिलं की पूर्वीच्या निष्कर्षात एक किरकोळ सुधारणा सुचवत आहोत. सरांनी 'किरकोळ' खोडलं. मग 'सुधारणा' खोडलं. मग सबंध वाक्य खोडून त्या जागी लिहिलं: हे प्रमेय ज्या रूपात छापलं गेलं, त्या रूपात ते चूक आहे. मी वाद घातला. एवढं कठोर कुणी लिहीत नाही, लोक स्वतःच्या चुकांबद्दल किती गुळमुळीत लिहितात ते दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाक्य तसंच ठेवलं. वर उदाहरण त्यांनी शोधलं असूनही माझं नाव आधी घालायला लावलं. या माणसाशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेले नाही.

वाडीत रेंज फक्त विहिरीच्या कट्ट्यावर येते. तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन मी टीप पाठवली. सगळे रकाने भरले, फाइल चढवली, शेवटचं बटण सरांना दाबायला दिलं. त्यांनी ते दाबलं. मी विहिरीत बघत राहिले.

उत्तर यायला पावसाळा उलटला. मी स्टाफरूममध्ये होते. संपादकांचं पत्र सभ्य होतं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, उदाहरण सुरेख आहे. परंतु मूळ निष्कर्षाचा पुढे कुणी वापर केल्याचं फारसं दिसत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती आमच्या वाचकांना उपयोगाची ठरेल असं वाटत नाही, सबब आम्ही ती छापू शकत नाही.

मी इतकी संतापले की समोरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. चूक आहे असं म्हटलं असतं तर सोसलं असतं. चूक असली काय आणि नसली काय, कुणाला फरक पडत नाही, असं एका माणसाच्या जन्माच्या कमाईबद्दल म्हणायचं? सरांना नुसतं 'परत आलं' एवढंच सांगू, असं मी ठरवलं. मग लक्षात आलं की अशी पत्रं सगळ्या लेखकांना एकदम जातात.

रविवारी गेले. सर अंगणात आरामखुर्चीत होते. मला बघून म्हणाले, "वाचलं मी."

मी पायरीवर बसले. सरच बोलायला लागले. तू गेलीस त्या दिवसापासून मला झोप नव्हती, म्हणाले. प्रमेय गेलं म्हणून नव्हे. कुणीतरी कुठेतरी त्याच्यावर विसंबून काही उभं केलं असेल, एखाद्या पोराने चार वर्षं घालवली असतील, आणि ते सगळं माझ्यामुळे चुकीचं ठरेल, ही धास्ती होती. मी अंथरुणात पडून त्या माणसांचा विचार करायचो.

"आणि आता कळलं, कुणीच नव्हतं," ते म्हणाले. "कुणाचं काही बिघडलं नाही. काल रात्री झोप लागली."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. फार वाटतं."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "सर, मी होते. मी चार वर्षं घालवली त्याच्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांच्या लक्षातच नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग हळूच म्हणाले, "म्हणून तर चूक सापडली. नाहीतर माझ्याबरोबर तीही गेली असती, आणि कुणाला कळलंही नसतं."

मग त्यांनी काकूंना हाक मारून हिला जेवायला वाढ म्हणून सांगितलं, आणि टीप आता दुसरीकडे कुठे पाठवायची ते मला विचारलं.